पातेगळीचं औषध

भाद्रपद अर्धा सरला की आमच्या पेपरच्या शेतीच्या पानावर एक चौकट येते. कपाशीला पातेगळ लागली आहे, शेतकरी बंधूंनी घाबरून जाऊ नये, संजीवकाची फवारणी करावी. वर्षानुवर्षं तीच चौकट, तोच मजकूर आणि तेच 'बंधू'. भगिनींना पातेगळीतलं काही कळत नसावं. मी सत्तरी ओलांडली आहे, शेतात कधी राबले नाही, अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं. तरी ही चौकट मी दोनदा वाचते. एकदा शुद्धलेखनासाठी आणि एकदा त्या सालासाठी.

कपाशीला बोंडाआधी फूल येतं आणि फुलाआधी कळी. त्या कळीला आमच्याकडे पातं म्हणतात. पाऊस जास्त झाला, कमी झाला, किंवा झाडाच्या आतलं काहीतरी बिनसलं की पाती पिवळी पडून गळतात. झाड उभंच असतं, हिरवंही असतं. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, काय जोमात आहे कपाशी. ओळीत शिरून खाली वाकलं तरच पायाशी पडलेला तो पिवळा सडा दिसतो. त्या साली मीही रस्त्यावरून बरी दिसत होते.

ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची आणि त्यांवरच्या सरकारी पॅकेजची वर्षं होती. मुंबईहून, दिल्लीहून समित्या यायच्या, गाड्यांची रांग एखाद्या गावात शिरायची, कुणीतरी बांधावर उभं राहून कपाशीचं झाड हातात धरायचं आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो आमच्या दारात पडायचा. गावांची नावं आधी कुणाला माहीत नसायची, नंतर ती फक्त एकाच कारणासाठी माहीत व्हायची. सकाळी पेपर उघडायच्या आधी माणसं एक श्वास घेत. दुःख अधिकृत झालं होतं. त्याला कारण होतं, अहवाल होता, वक्ते होते. असल्या दिवसांत पन्नाशी उलटलेल्या, पगारदार, पंख्याखाली शिकवणाऱ्या बाईनं आपल्याला काही होतंय असं म्हणणं मला स्वतःलाच अश्लील वाटायचं.

पाळी पन्नासाव्या वर्षी गेली तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्या म्हणाल्या, सुटलात मॅडम. मराठीत हा शब्द फार चांगला आहे. कैदी सुटतो, गाय सुटते, शाळा सुटते. गाडीही सुटते आणि तोलही सुटतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. वर्षा-दोन वर्षांत सगळं निवेल असं सांगितलं गेलं होतं. सहावं वर्ष लागलं तरी निवत नव्हतं. पाठीच्या कण्यातून एक लाट वर चढायची, मान, कान, टाळू सगळं पेटायचं, ब्लाउज पाठीला चिकटायचा, आणि मिनिटाभरानं तोच घाम गार पडून दातखीळ बसायची. जानेवारीत आमच्या खोलीत कूलर चालायचा आणि माझा नवरा दोन गोधड्या घेऊन शेजारी झोपायचा. पाटबंधारे खात्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ज्या गोष्टीचा उगम सापडत नाही तिच्याबद्दल ते बोलत नाहीत.

उष्णतेचं एवढं काही नव्हतं. अमरावती-अकोल्याच्या माणसानं उष्णतेची तक्रार करावी हे शोभतही नाही. झोप गेली होती, सांधे दुखत होते, तेही चाललं असतं. पण शब्द गळायला लागले. एकदा वर्गात कविता शिकवताना एक शब्द आठवेना. दोन्ही तळहात जोडून, वाडग्यासारखे करून मी मुलांसमोर उभी राहिले. दोन्ही हातांत जे भरतं ते, त्याला काय म्हणतात? मुलांना वाटलं मी प्रश्न विचारतेय. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ओंजळ." मी "शाबास" म्हटलं, खडू ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तीस वर्षं मी शब्दांवर जेवत होते. तेच जाणार असतील तर मागे जी उरेल ती बाई मला ओळखीची नव्हती, आणि तिच्यासोबत राहायची माझी तयारी नव्हती.

त्याच महिन्यात कॉलेजात तणावमुक्तीचं शिबिर झालं. तेव्हा अशी शिबिरं दर पंधरा दिवसांनी असत, कारण त्यासाठी निधी आला होता. स्टेजवर सात खुर्च्या, सात शाली, सात नारळ. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि वेळेच्या नियोजनावर बोलले. मग त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून, ओठांवर स्मित आणून, दहा आकडे मोजायला लावले. मी मोजले. सहाव्या आकड्यापाशी लाट आली, सातव्यापाशी मला स्पष्ट कळलं की आपण नसलो तर कुणाचं काही अडणार नाही, आणि दहाव्याला टाळ्या वाजल्या. आभार मानताना पाहुण्यांचं नाव आठवलं नाही. "आजचे आपले लाडके पाहुणे" म्हणून वेळ मारून नेली. पाहुणे खूश झाले. लाडकं त्यांना बहुधा फार वर्षांत कुणी म्हटलं नसावं.

डॉक्टरांकडे गेले नाही असं नाही. अमरावतीतल्या एका मोठ्या डॉक्टरांच्या भिंतीवर इतकी सन्मानपत्रं होती की खिडकीला जागा उरली नव्हती. ते म्हणाले, वयाचं आहे, स्वीकारा, मन रमवा, आणि सोयाबीन खा, त्यात बाईला लागतं ते सगळं असतं. त्या वर्षी सरकारही म्हणत होतं की कपाशी सोडा, सोयाबीन लावा. म्हणजे शेताचा आणि माझा इलाज एकच निघाला. दोन महिने सोयाबीनच्या पोळ्या खाल्ल्या. पोट तेवढं बिघडलं.

मग मी अकोल्याला गेले. घरी सांगितलं, चर्चासत्र आहे. चर्चासत्रात काय झालं असं आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही, त्यामुळे हे निमित्त फार सुरक्षित असतं. डॉक्टर नसरीन हे नाव एका सहकारी बाईंनी हळू आवाजात दिलं होतं. दवाखान्यात सन्मानपत्र एकही नव्हतं. टेबलावर उर्दू पेपर, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, बोलणं तुटक. त्यांनी सगळं विचारलं. आईला काय झालं, मावशीला काय झालं, पायात कधी गाठ आली होती का, छातीत कधी. तपासण्या लिहून दिल्या. त्या करून, पुन्हा एक चर्चासत्र गाठून, मी रिपोर्ट घेऊन गेले.

हार्मोनच्या गोळ्यांबद्दल तेव्हा बाहेरच्या देशांत बरंच उलटसुलट छापून येत होतं आणि इथले डॉक्टर त्यांचं नाव काढायला बिचकत होते. ते त्यांनी लपवलं नाही. धोका कुठं असतो, कुणाला जास्त असतो, दर वर्षी काय तपासावं लागेल, सगळं कागदावर काढून दाखवलं. उशीर झाला आहे, पण अजून साठीच्या आत आहात, कमीत कमी डोस, काही वर्षं, मग बंद, असं म्हणाल्या. माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सब्र करा म्हणायले मी मौलवी नाही, मॅडम. एक विचारते, खरं सांगा. जगावंसं वाटते का?"

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. शिबिरातही नाही. मी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रोज नाही."

त्यांनी तेही माझ्या कागदावर लिहून घेतलं, रक्तदाबाच्या आकड्याखाली.

चिठ्ठी मी आणली आणि शब्दकोशात ठेवून दिली. महिनाभर ती तिथेच होती. अमरावतीतले निम्मे मेडिकलवाले माझे विद्यार्थी. ज्यांना मी अलंकार शिकवले त्यांच्या काउंटरवर ही चिठ्ठी कशी ठेवायची? भीतीही होतीच. आणि एक विचित्र मानीपणाही. माणसं खरोखरीच्या संकटात आहेत, मी एका गोळीसाठी हात कुठे पसरू? पोळा झाला, महालक्ष्म्या आल्या आणि गेल्या. उघडीप पडली. पावसानंतरचं ते ओलं, चिकट ऊन, गवतावरची वाफ, शेताकडून येणारा फवारणीचा कडवट वास. या दिवसांत आमच्याकडे हवा हलत नाही. मी डाळ निवडायला बसले की ताटात बघतच राहायचे. खडा कुठला आणि डाळ कुठली हे दिसायचं, पण हात उचलावा असं काही वाटायचं नाही.

अशाच एका दुपारी मी सुधाकरभाऊजींना फोन केला. हे माझे धाकटे दीर. पातूरकडे शेती बघतात, आठवड्यातून एकदा अकोल्याला जातात, आणि दुसऱ्या दिवशी ते काही कामानं अमरावतीला येणार होते. दिराला काय आणि कसं सांगायचं? अंगावरच्या गोष्टी दिराशी बोलायच्या नसतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. मी म्हणाले, भाऊजी, येताना अकोल्याहून एक हार्मोनचं औषध आणाल का. नाव लिहून घ्या.

"लिवाचं काय काम, वैनी? मालूम हाय मले. दरसाल लागते आपल्याकडं. आणतो."

फोन ठेवला. दरसाल लागते. म्हणजे शोभालाही. शोभा ही माझी जाऊ, सुधाकरभाऊजींची बायको. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, शेतात राबणारी, कमी बोलणारी. ती हे औषध घेते, तिचा नवरा ते अकोल्याहून आणतो, त्याला नावसुद्धा पाठ आहे, आणि मी इथे शब्दकोशात चिठ्ठी लपवून बसले आहे. मला स्वतःची लाज वाटली आणि महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं. आपल्यासारखं कुणी आहे, आणि तेही घरातच. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर नवरा पुढच्या खोलीत बसलेला. पेपर नाही, रेडिओ नाही, पंखाही लावलेला नाही. सुधाकरभाऊजी येऊन, पिशवी ठेवून, "वैनीनं मांगवलं" एवढं सांगून लगेच गेले होते.

"सुधाकरकडून काय मागवलंस?"

"औषध."

"कशाचं?"

मला वाटलं, आता यांच्यापुढे कुठे रामायण लावू. "माझ्यासाठी आहे. तुम्हाला नाही कळायचं," असं म्हणून मी पदरानं मान पुसली.

त्यांनी खुर्चीमागून पिशवी काढून टेबलावर ठेवली. तिच्यात एक बाटली होती. कृषी केंद्राची. झाकणाला सील, अंगावर कपाशीच्या हिरव्यागार झाडाचं चित्र, आणि कोपऱ्यात विषारी औषधावर असते तसली चौकोनी खूण.

मला सगळं एकदम कळलं. अंगणातल्या लिंबाची फुलं दर वर्षी गळतात. मागच्या दिवाळीत भाऊजी म्हणाले होते, त्याले हार्मोन मारा वैनी, कपाशीले आमी तेच मारतो. हार्मोन म्हणजे त्यांच्या जगात पातेगळीचं औषध. त्यांनी लिंबासाठी आणून दिलं होतं. मी हसायला लागले. हसू थांबेना. नवऱ्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं तेव्हा थांबलं. त्या वर्षांत आमच्या भागात कृषी केंद्राची बाटली घरात कुणी मागवली आणि कारण सांगितलं नाही, तर माणसाच्या मनात एकच गोष्ट यायची. ते दुपारी एकपासून त्या बाटलीशेजारी बसून होते.

"नाही हो," मी म्हणाले. "हे ते नाही. घोटाळा झालाय."

त्यांनी बाटली स्वतःकडे ओढली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. धरणाच्या भिंतीवर उभं राहून पूर पाहिलेला माणूस. मग मी खरं बोलून गेले. आजही मला ते बोलायचं होतं की तोंडातून निसटलं हे सांगता येत नाही.

"पण मनात कधी आलंच नाही असं नाही."

ते म्हणाले, "मले दिसत होतं. इचारायची हिंमत नव्हती." चाळीस वर्षं अमरावतीत राहून, इंजिनिअर होऊन त्यांनी कमावलेली प्रमाण मराठी त्या एका वाक्यात गळून पडली. मला ते वाक्य शुद्ध वाटलं.

मी शब्दकोश उघडून चिठ्ठी दिली. ती त्यांनी दोनदा वाचली, चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, माझ्या सगळ्यात आगाऊ विद्यार्थ्याच्या दुकानात गेले. पंधरा मिनिटांत गोळ्या घेऊन आले. म्हणाले, तो मुलगा म्हणत होता, मॅडमना सांगा, रोज ठरल्या वेळी घ्यायची, विसरायची नाही, माझी आईही हेच घेते. मी ज्या लाजेपायी महिना काढला ती लाज त्या दुकानात कुणाच्या खिजगणतीतही नव्हती.

गोळ्यांनी चमत्कार केला असं मी म्हणणार नाही. चमत्कारांवर माझा विश्वास नाही आणि डॉक्टर नसरीननी तसं वचनही दिलं नव्हतं. पहिले दहा-बारा दिवस छाती जड झाली, डोकं दुखलं, आणि एका सकाळी, सहा वर्षांनी, साडीला डाग लागला. असं होऊ शकतं हे त्यांनी सांगितलं होतं, तरी मी न्हाणीत बसून राहिले. हे दार आपण लावून घेतलं होतं, ते आता कुणी उघडलं, असं वाटलं. मग आश्विनात कधीतरी एक लाट यायची ती आली नाही. नंतर आणखी एक आली नाही. एका पहाटे जागी झाले तर दूधवाला येऊन गेलेला होता. मी झोपले होते. पुढे केव्हातरी कॉलेजच्या फलकावर 'तणावमूक्ती' असं लिहिलेलं दिसलं आणि मला मनापासून राग आला. शिपायाला बोलावून तो दीर्घ मू ऱ्हस्व करायला लावला तेव्हा मी खरी घरी परतले.

दिवाळीच्या पाडव्याला पातूरकडे गेलो. बाटलीची गोष्ट तोवर सगळ्यांना कळली होती आणि सुधाकरभाऊजी ती रंगवून सांगत होते. ती बाटली त्यांनी परत नेऊन कपाशीवर मारली होती, आणि पातं टिकलं होतं. सगळे हसले. मीही हसले. शोभा हसली नाही. ती उठून मागे गेली, मी तिच्यामागे गेले. चुलीपाशी पाठमोरी उभी राहून ती पदर ओला करून मानेवर ठेवत होती. गार वारा सुटला होता, माझ्या अंगावर शाल होती.

"बाई, ते तुमचं औषध मले चालन का?"

मी म्हटलं, तू घेतेस ना? भाऊजी म्हणाले, दरसाल लागतं.

ती वळली. राग नव्हता चेहऱ्यावर. "ते कपाशीचं. पातं गयलं का हे दुसऱ्या दिशी अकोल्याले जातेत. मले बारा वर्स होऊन रायले."

बेचाळिसाव्या वर्षी तिची गर्भाची पिशवी काढली होती. आमच्याकडे खेड्यातल्या बाईची पिशवी दात काढावा तशी काढतात. तेव्हापासून ती पेटत होती. सण, लग्नं, महालक्ष्म्या, किती वेळा आम्ही शेजारी बसून पुरण वाटलं. मी कधी विचारलं नाही. मला माझ्या शब्दांची काळजी होती. तिनं तिचे कधी बाहेरच काढले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी तिला अकोल्याला घेऊन गेले. या वेळी चर्चासत्र सांगितलं नाही. डॉक्टर नसरीननी तिलाही सगळं विचारलं. पायात कधी गाठ आली होती का, या प्रश्नाला शोभा म्हणाली, आली होती, पिशवीच्या ऑपरेशननंतर, पाय सुजून काळा पडला होता, महिनाभर दवाखान्यात होते. डॉक्टरांनी पेन थांबवलं. मग फार सावकाश, दोनदा, सांगितलं की ही गोळी तिच्यासाठी नाही, रक्ताची गाठ पुन्हा झाली तर जीवावर येईल. दुसरं काही देते, थोडा फरक पडेल. थोडा, असंच म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

बसस्टँडवर आम्ही दोघी बाकावर बसलो. तिची पातूरची गाडी लागायची होती, माझी अमरावतीची. शोभानं नवी चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली.

"म्हणजे मी अपात्र," ती म्हणाली.

त्या वर्षांत हा शब्द आमच्याकडे लहान पोरालाही माहीत होता. मेलेल्या माणसाच्या कागदांची तपासणी होऊन त्याचं मरण सरकारी मदतीला पात्र की अपात्र हे ठरायचं आणि यादी लागायची. तिनं तो असा सहज उचलला, जसं चौकशीच्या खिडकीतून गाडीचा नंबर सांगावा. मी काहीतरी बोलायला हवं होतं. आता शब्द आठवत होते, सगळे आठवत होते. त्यांतला एकही तिच्यासमोर ठेवण्यासारखा नव्हता.

"तुमाले झोप लागते आता?" तिनं विचारलं.

"कुठची ग," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या कपाळावर घाम धरला होता आणि ती तो पुसत नव्हती.

"खोटं काहून बोलता, बाई? तोंडावर दिसते. झोपत जा तुमी. दोघीतल्या एकीनं तं झोपाव."

गाडी लागली. ती चढली, खिडकीशी जागा धरली आणि काच पुरती मागे सारली.